अब्राहामाची जमीन आणि लिओपोल्डचा लांडगा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या बेने इस्राएल कुटुंबांतली मुले कॉलेजात गेली आणि त्यांनी शेती, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरण असा एखादा विषय घेतला, की एक लहानसे पुस्तक पुष्कळदा त्यांच्या हाती पडते. पुस्तकाचे नाव ‘ए सँड काउंटी अल्मनॅक’ आणि लेखक ऑल्डो लिओपोल्ड. १९४९ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते प्रथम छापले. पुढे बॅलन्टाइन प्रकाशनाची स्वस्त आवृत्ती निघाली, तेव्हापासून ते खऱ्या अर्थाने लोकांत गेले आणि आजवर त्याच्या वीस लाखांवर प्रती खपल्या आहेत. रानातल्या प्राण्यांकडे अमेरिकन माणूस कोणत्या दृष्टीने पाहतो, आणि ती दृष्टी कशी बदलत गेली, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याला हे पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही.

ह्या पुस्तकावर लिहिण्यास आम्हांस दोन कारणे आहेत. पहिले असे की ते पुस्तक चांगले आहे, आणि चांगल्या पुस्तकाची ओळख आपल्या वाचकांना करून देणे हे आमच्यासारख्या मासिकाचे कामच आहे. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. ह्या पुस्तकाच्या अगदी प्रस्तावनेतच लेखकाने आपल्या अब्राहाम अबिनूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. निसर्गाचे रक्षण ह्या देशात का होत नाही, तर आपली जमिनीविषयीची कल्पना अब्राहामाकडून आलेली आहे म्हणून, असा त्याचा मुद्दा आहे. आपली मुले हे वाक्य वाचतात, परीक्षेत त्याचे उत्तर लिहितात, आणि बहुधा मनात धरून ठेवतात. घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. तेव्हा ह्या आरोपात तथ्य किती, हे आपणच तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम लेखकाविषयी. लिओपोल्ड १८८७ साली आयोवा राज्यातील बर्लिंग्टन गावी जन्मला. येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून १९०९ साली तो सरकारी जंगल खात्यात नोकरीस लागला आणि ॲरिझोनात गेला. पुढे १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९३५ साली त्याने विस्कॉन्सिन नदीकाठी, बाराबू गावाजवळ, कस गेलेली एक रेताड जमीन विकत घेतली. तिथे कोंबड्यांचे एक मोडके खुराडे तेवढे उभे होते. तेच झाडून-पुसून त्याने राहण्याजोगे केले. सुटीच्या दिवशी बायको आणि पाच मुलांना घेऊन तो तिथे जाई आणि सर्व मिळून पाइनची रोपे लावीत. पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे त्या जमिनीवरच्या बारा महिन्यांची हकीकत आहे. प्रकाशकाने पुस्तक स्वीकारल्याचे कळल्यावर आठवडाभरातच, २१ एप्रिल १९४८ रोजी, शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना त्याचे निधन झाले. स्वतःचे छापील पुस्तक त्याने पाहिलेच नाही.

पुस्तकातला सर्वांत गाजलेला लेख म्हणजे पर्वतासारखा विचार करण्याविषयीचा. तो जेमतेम चार-पाच पानांचा आहे. तरुण लिओपोल्ड आणि त्याचे सोबती उंच कड्यावर बसून दुपारचे जेवण करीत असतात. खाली नदी ओलांडणारे एक जनावर त्यांना दिसते. प्रथम हरिणी वाटते, पण ती निघते लांडगी, आणि तिला भेटायला तिची वाढलेली पिले झुडपांतून उड्या मारीत येतात. त्या काळी लांडगा दिसला आणि सोडून दिला असे कोणी करीत नसे. बंदुका रिकाम्या होतात. लिओपोल्ड जवळ पोचतो तेव्हा त्या म्हाताऱ्या लांडगीच्या डोळ्यांतला उजेड विझत असतो. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांचा स्वर्ग होईल, अशी त्याची तोवरची समजूत. पुढे त्याने एकेका राज्यातून लांडगे नाहीसे होताना पाहिले, आणि मग हरणांनी डोंगरच्या डोंगर ओरबाडून खाल्लेले व शेवटी उपाशी मेलेलेही पाहिले. हरिण जसे लांडग्याच्या धाकात जगते, तसा डोंगर हरणाच्या धाकात जगतो, असा त्या लेखाचा मथितार्थ आहे.

लेख वाचून मन हलते, ह्यात शंका नाही. परंतु टीकाकाराचे काम मन हलल्यावर सुरू होते. ह्या लेखात एका दृश्याने माणूस पालटला असे वाटते, पण प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. लांडगी मारली ती १९०९ साली. त्यानंतर कितीतरी वर्षे लिओपोल्ड न्यू मेक्सिकोत लांडगे आणि डोंगरी सिंह समूळ नष्ट करावेत म्हणून हिरिरीने प्रचार करीत होता. त्याचे मत पालटले ते १९३० नंतर, हळूहळू. १९३५ साली त्याने जर्मनीतली आखीव-रेखीव, श्वापदे नसलेली जंगले पाहिली. १९३६ साली मेक्सिकोतल्या सिएरा माद्रे पर्वतात लांडगे, सिंह आणि हरणे एकत्र नांदत असलेले धडधाकट रान पाहिले. लेख लिहिला गेला १९४४ साली, तोही हॉखबाउम नावाच्या त्याच्या एका शिष्याने पत्रातून टोचणी लावल्यावर. लांडग्यांच्या नाशात तुमचाही हात होता हे एकदा स्पष्ट लिहा, असा त्या शिष्याचा आग्रह होता.

म्हणजे पस्तीस वर्षांचा प्रवास लेखकाने एका दुपारीत बसवला. कथालेखकाला ही मुभा असते, आणि आम्ही ती नाकारीत नाही. पण वाचकाची त्यात एक फसगत होते. त्याला वाटते, मरणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यांत एकदा पाहिले की माणूस सुधारतो. तसे असते तर खाटीक आणि शिकारी सर्वांत आधी संत झाले असते. लिओपोल्डला पालटायला लांडगीचे डोळे पुरले नाहीत. उजाड डोंगर, परदेशातली जंगले, वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि एका शिष्याची परखड वाणी, इतके सर्व लागले. माणसाची मूल्ये बदलतात ती अशीच, सावकाश आणि दुसऱ्यांच्या मदतीने. हा खरा धडा लेखातून गळला आहे, आणि तो लेखाहून मोलाचा आहे असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट त्यातल्या शास्त्राची. लिओपोल्डच्या मनात ॲरिझोनातले कायबाब पठार होते. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिथे शिकारबंदी केली, सरकारी शिकाऱ्यांनी श्वापदे मारली, हरणे बेसुमार वाढली आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत हजारोंनी मेली. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत गेली. १९७० साली ग्रॅम कॉफली ह्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की हरणांचे ते आकडे अंदाजाचे होते, आणि गुरेमेंढ्यांची चराई कमी झाली होती ह्याचाही विचार झाला नव्हता. मग गोष्ट पाठ्यपुस्तकांतून बाहेर पडली. २००६ साली काही संशोधकांनी तिथल्या ॲस्पेन झाडांची वये मोजली, तेव्हा हरणे माजल्याच्या काळात नवी झाडे जवळजवळ तगलीच नव्हती असे आढळले आणि लिओपोल्डची बाजू पुन्हा सावरली. यलोस्टोनचीही तीच तऱ्हा. तिथले शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले. १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून एकतीस लांडगे आणून सोडले. त्यांच्यामुळे झाडे परतली, नद्याही सावरल्या, असा बोलबाला झाला. पण कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या हॉब्ज आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षे प्रयोग करून २०२४ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष सांगतात की ओढ्याकाठची विलोची झाडे म्हणावी तशी सावरलेली नाहीत. सत्तर वर्षे जे मोडले ते एक प्राणी परत आणून जुळत नाही.

ह्याने लिओपोल्ड खोटा पडतो काय? मुळीच नाही. उलट, मोडणे सोपे आणि जोडणे कठीण, हेच त्याचे म्हणणे होते. मात्र लांडगा उपयोगी आहे म्हणून त्याला जगू द्या, एवढ्यावरच ज्यांची श्रद्धा टेकलेली आहे, त्यांची पंचाईत होते. उद्या एखाद्या शास्त्रज्ञाने लांडगा निरुपयोगी ठरवला तर त्याला गोळी घालायची की काय? इथे प्रश्न शास्त्राच्या हातून सुटतो आणि मूल्यांच्या हाती येतो.

मूल्यांचा हा प्रश्न अमेरिकेत मोजून पाहण्याचे काम प्रथम येल विद्यापीठाच्या स्टीफन केलर्ट यांनी केले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी देशभर पाहणी केली. कोणी प्राण्यांकडे उपयोगाच्या दृष्टीने पाहतो, कोणी मायेने, कोणी नीतीच्या दृष्टीने, कोणी सत्ता गाजवण्याच्या, तर कोणाला नुसती भीती किंवा किळस वाटते, असे त्यांनी वर्ग पाडले. कुत्रा आणि घोडा लोकांचे सर्वांत लाडके, झुरळ आणि डास सर्वांत नावडते, असे निघाले. पुढे कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या मॅनफ्रेडो आणि टील यांनी पन्नासही राज्यांत अशीच पाहणी करून २०१८ साली अहवाल दिला. वन्य प्राणी माणसाच्या उपयोगासाठी आहेत असे मानणारे २८ टक्के. प्राणी म्हणजे आपल्याच कुटुंबातले, असे मानणारे ३५ टक्के. दोन्ही भावना बाळगणारे २१ टक्के. आणि ज्यांना ह्या विषयाशी काही देणेघेणे नाही असे १५ टक्के. शहरे, शिक्षण आणि उत्पन्न वाढत जाते तसा पहिला वर्ग घटतो आणि दुसरा वाढतो, असे हे संशोधक सांगतात.

ह्या आकड्यांना प्रत्यक्षात किती धार आहे हे कोलोराडोत दिसले. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मतदारांना सरळ प्रश्न विचारला गेला: राज्यात लांडगे परत आणावेत का? सुमारे ५१ टक्क्यांनी होय म्हटले. डेन्व्हर आणि बोल्डर ह्या शहरी भागांनी कौल दिला, आणि लांडगे जिथे सोडायचे त्या पश्चिम उताराच्या बहुतेक गुराखी जिल्ह्यांनी नको म्हटले. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगनहून आणलेले पहिले दहा लांडगे सोडले गेले. गुरे मारली गेली तर एका जनावरामागे पंधरा हजार डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे. माया शहराची आणि गोठा खेड्याचा, असा हा सौदा झाला. पैशाने वासराची किंमत भरून निघते. पण रात्री जागत बसणाऱ्याला, आपल्याला कोणी विचारले नाही असे जे वाटते, त्याची भरपाई कोणत्या दराने करायची?

लिओपोल्डच्या स्वतःच्या विस्कॉन्सिन राज्यात दुसरे टोक दिसले. १९६०च्या सुमारास तिथून नाहीसे झालेले लांडगे पुढे मिनेसोटाकडून आपोआप परतले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या शिकारीला परवानगी मिळाली. शिकाऱ्यांचा वाटा ११९ लांडग्यांचा ठरला होता. तीन दिवसांच्या आत २१८ मारले गेले आणि शिकार घाईघाईने थांबवावी लागली. ह्याच प्रसंगी ओजिब्वे ह्या मूळ रहिवाशांच्या जमातींकडे ८१ लांडग्यांचा वाटा राखून ठेवलेला होता. त्यांनी एकही मारला नाही. त्यांच्या परंपरेत लांडगा हा पहिल्या मानवाचा भाऊ आहे. लिओपोल्डच्या पुस्तकातली मोठी उणीव इथे उघडी पडते. जमीन म्हणजे माती, पाणी, झाडे, प्राणी आणि माणूस ह्यांची एक बिरादरी आहे, ही कल्पना तो नवी म्हणून मांडतो. पण ज्यांच्याकडून ती जमीन हिसकावली गेली त्यांच्या घरी ही कल्पना पिढ्यानपिढ्या नांदत होती. त्यांचा उल्लेख पुस्तकात फार थोडा येतो. अब्राहामाचा मात्र येतो!

आता त्या आरोपाकडे वळू. लिओपोल्डच्या मते जमीन ही आपल्या मालकीची वस्तू आहे असे अब्राहामाने मानले, आणि त्या जमिनीने आपल्या तोंडात दूध-मध ओतावा एवढीच त्याची अपेक्षा होती. पुढे १९६७ साली लिन व्हाइट ह्या इतिहासकाराने ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील, पृथ्वी ताब्यात घ्या आणि प्राण्यांवर सत्ता चालवा, ह्या आज्ञेवर बोट ठेवले, तेव्हा हा आरोप विद्वानांत रूढच झाला.

प्रथम साधी गोष्ट. दुधा-मधाचा देश हे शब्द तोरात प्रथम येतात ते निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात, आणि ते मोशे रबेनूला उद्देशून आहेत. अब्राहाम अबिनूच्या कथेत ते कुठेच नाहीत. ज्याला लिओपोल्ड जमिनीचा मालक म्हणतो तो जन्मभर तंबूत राहिला. लोटाच्या गुराख्यांशी तंटा झाला तेव्हा त्याने हवी ती बाजू आधी पुतण्याला निवडू दिली. आणि सारा वारली तेव्हा तिला पुरण्यापुरतीही जागा त्याच्याजवळ नव्हती. मखपेलाची गुहा व शेत त्याला चारशे शेकेल मोजून घ्यावे लागले. हेब्रोनच्या लोकांपुढे उभे राहून त्याने आपली ओळख सांगितली ती उपरा आणि पाहुणा अशी. लेखकाने हे अध्याय नीट वाचले असते तर त्याने आपला आरोपी नक्कीच बदलला असता.

जमिनीच्या मालकीविषयी तोराची खरी आज्ञा लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती परमेश्वराची आहे आणि आपण तिच्यावर उपरे व पाहुणे आहोत. दर सातव्या वर्षी, शमीताच्या वर्षी, शेत पडीक ठेवायचे. त्या वर्षी आपोआप जे उगवेल त्यात दास, मजूर आणि गुरे यांच्याबरोबर रानातल्या प्राण्यांचाही वाटा स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. घरट्यात पिलांवर बसलेली पक्षीण आढळली तर आईला सोडून द्यावे, वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत, अशा आज्ञा अनुवादात आहेत. इयोबाला परमेश्वर उत्तर देतो तेव्हा तो माणसाच्या उपयोगी न पडणारे प्राणीच एकामागून एक पुढे करतो: सिंहीण, रानगाढव, गरुड, डोंगरी बकरी. माणसाची सोय हे जगाचे माप नव्हे, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगायचे?

शिकारीविषयी तर आपली परंपरा उघडच नाखूष आहे. तोरात शिकारी म्हणून नावाजलेले दोघेच, निम्रोद आणि एसाव, आणि दोघांचीही उदाहरणे आपल्या मुलांना घालून द्यावीत अशी नाहीत. हरिण खाण्यास शुद्ध आहे, पण गोळीने मारलेले हरिण कोशेर नाही. रीतसर कापलेल्या रानप्राण्याचे रक्तसुद्धा मातीने झाकावे लागते. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेज्केल लांडाऊ यांना एका श्रीमंत गृहस्थाने विचारले, माझ्या मालकीची मोठी राने आहेत, तिथे शिकार करू का? रब्बींचा निवाडा असा की जगण्यासाठी कोणाला करावी लागली तर गोष्ट वेगळी, पण निव्वळ करमणुकीसाठी जीव घेणे हे आपल्या लोकांना शोभत नाही.

परंतु एकतर्फी वकिली आम्हांस करावयाची नाही. लिन व्हाइटने दाखवलेली आज्ञा तोरात आहेच. देशातून हिंस्र श्वापदे नाहीशी करीन हे वचन लेवीयाच्या सव्विसाव्या अध्यायात आशीर्वाद म्हणूनच दिलेले आहे. मेंढपाळांच्या त्या जगात लांडगा हा शत्रू होता, आणि यशया नबीला लांडगा कोकराशेजारी राहिलेला दिसतो तो येणाऱ्या युगात. तेव्हा आपल्या ग्रंथांत दोन्ही स्वर आहेत: एक सत्तेचा आणि एक पाहुणेपणाचा. कोणता स्वर ऐकायचा हे प्रत्येक पिढी आपल्या सोयीने ठरवत आली. अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांनी सत्तेचा स्वर ऐकला, कारण त्यांना जमीन हवी होती. दोष अब्राहामाचा नव्हे, निवडणाऱ्यांचा आहे.

नवलाची गोष्ट अशी की हे लिओपोल्डला ठाऊक होते. १९२० साली त्याने वनशास्त्राच्या एका नियतकालिकात संदेष्ट्यांच्या वनविद्येवर लेख लिहिला होता आणि यशया, यहेज्केल हे वणवा, झाडे, लाकूड किती बारकाईने जाणत होते हे कौतुकाने दाखवले होते. ह्या पुस्तकातही, जमिनीची नासाडी नुसती तोट्याची नव्हे तर अनीतीची आहे असे सांगणारे पहिले लोक म्हणून तो यहेज्केल आणि यशया यांचीच नावे घेतो. म्हणजे एका पानावर आजोबांना दोष आणि दुसऱ्या पानावर नातवंडांची स्तुती! आपल्या मुलांना प्राध्यापकाने पहिले पान दाखवले, तर दुसरे पान आपण दाखवावे.

आमच्या कोकणातल्या पूर्वजांनी कोणता स्वर ऐकला होता? कुलाबा जिल्ह्यात आपल्याला शनिवार तेली म्हणत. शब्बाथला घाणा बंद राही, आणि आज्ञेप्रमाणे विसावा बैलालाही मिळे. उत्तर कोकणातले वारली लोक वाघोबाला पुजत आणि आजही पुजतात. त्यांच्याही शेळ्या बिबट्या नेतो, त्यांनाही भय वाटते. पण शेजारी म्हणून त्याच्याशी कसे वागायचे ह्याची रीत त्यांनी बसवली आहे. उलट जुन्नर भागात २००१ नंतर उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात असे आढळले की त्यामुळे माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. ओळखीच्या जागेतून उपटलेले जनावर अधिक धोक्याचे ठरले. आणि एलियाहू हानाबीच्या नावाने मलिदा करणाऱ्या आपल्या समाजाने तर एक गोष्ट कधीच विसरू नये. दुष्काळात केरीथ ओढ्याकाठी नबीला भाकरी आणि मांस आणून दिले ते कावळ्यांनी, ज्यांना आपण अशुद्ध पक्षी मानतो. यलोस्टोनमध्ये तेच डोमकावळे लांडग्यांच्या कळपामागे फिरतात आणि त्यांच्या शिकारीतला वाटा खातात. लांडगे परत आले तेव्हा त्यांचीही पंगत पुन्हा मांडली गेली.

मराठी वाचकाला लिओपोल्डची तुलना मारुती चितमपल्लींशी करण्याचा मोह होईल. दोघेही वनाधिकारी आणि दोघेही लेखक. २०२५ साली निवर्तलेल्या चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून, पारध्यांकडून आणि गोंडांकडून शब्द आणि विद्या घेतली, आणि तसे मोकळेपणाने सांगितले. काकागार, सारंगागार असे शब्द मराठीला दिले. लिओपोल्डजवळ विचाराची मांडणी अधिक पक्की आहे. चितमपल्लींजवळ ऐकण्याची वृत्ती अधिक आहे. ज्याच्या घरी मराठी अजून वाचली जाते त्याने दोघांनाही एका कपाटात ठेवावे.

लिओपोल्डचा आणखी एक मोठेपणा सांगितला पाहिजे. तो शेवटपर्यंत शिकारी होता आणि ते त्याने लपवले नाही. इथे शिकाऱ्यांविषयी आपल्यापैकी पुष्कळजण नाक मुरडतात. पण १९३७ साली झालेल्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो, आणि शिकारीच्या परवान्यांची फीसुद्धा त्यांनाच जाते. ज्या हरणांचे फोटो आपण काढतो त्यांच्या रक्षणाचा मोठा खर्च शिकाऱ्यांनी उचलला आहे. अर्थात जो पैसे देतो त्याचे म्हणणे अधिक ऐकले जाते, हेही ओघाने आले. नुसती माया करणाऱ्यांनी आपलाही हात खिशात घातला तर त्यांचा शब्द चालेल.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्या वाचकांना हा पेच दारातच भेटतो. तिथे २००३ साली अस्वलांची शिकार पुन्हा सुरू झाली. ती थांबवण्याचे वचन देऊन गव्हर्नर मर्फी निवडून आले आणि २०२० नंतर ती थांबलीही. पुढे अस्वलांच्या तक्रारी वाढल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गव्हर्नरांच्या कारकिर्दीत ती पुन्हा सुरू झाली. ह्यात कोण चूक, कोण बरोबर, हा निवाडा आम्ही देत नाही. पण कचऱ्याचा डबा घट्ट झाकून ठेवला असता तर काही अस्वलांवर ही पाळी आली नसती, एवढे मात्र निश्चित. मूल्ये ही मतपेटीत दिसतात तशीच डब्याच्या झाकणातही दिसतात.

एकंदरीत हे पुस्तक आम्ही आमच्या वाचकांना मनापासून सुचवतो. भाषा सोपी आहे, विनोद सौम्य आहे, निरीक्षण अस्सल आहे. लांडग्याचा लेख डोळे उघडे ठेवून वाचावा आणि अब्राहामाविषयीची वाक्ये तोरा शेजारी ठेवून वाचावीत. लिओपोल्डला हवा असलेला माणूस म्हणजे जमिनीचा धनी नव्हे तर तिच्या बिरादरीतला एक साधा सभासद. आपल्याला हे फारसे नवे नाही. नवगावच्या किनाऱ्यापासून मुंबईपर्यंत आणि तिथून इस्राएल, अमेरिकेपर्यंत आपण जिथे गेलो तिथे पाहुणे म्हणूनच गेलो. पाहुण्याने यजमानाच्या घरात कसे वागावे, कोणाच्या ताटातले घेऊ नये, निघताना जागा कशी ठेवावी, हे आपल्या आई-आजींनी आपल्याला शिकवले आहे. तेच शिक्षण परसातल्या हरणाला आणि डोंगरातल्या लांडग्याला लागू करावयाचे आहे. मुलांनी लिओपोल्डकडून लांडगा शिकावा आणि घरच्यांनी त्यांना लेवीयाचा पंचविसावा अध्याय वाचून दाखवावा. दोन्ही पुस्तके एकाच टेबलावर सुखाने राहू शकतात.